मोठी माय काय करते?

जनगणनेचं काम मास्तरांच्याच बोडक्यावर कशाला, हा प्रश्न मी नोकरीभर विचारला आणि नोकरीभर कुणी त्याचं उत्तर दिलं नाही. गोंदिया जिल्हा आमच्या भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यानंतरच्या खेपेला तर मला पवनीतला माझ्या माहेरचाच मोहल्ला मिळाला. विणकरांचा. घरोघरी "बस ना वो बाई, चहा घे" ऐकून आणि पिऊन माझं पित्त खवळलं होतं.

त्याच्या थोडं आधी भंडाऱ्याच्या एका वाचनालयात मला इंग्रजांच्या काळातल्या शिरगणतीचं जाडजूड पुस्तक सापडलं होतं. विसावं शतक नुकतं लागलं होतं तेव्हाचं. त्यात धंद्यांची यादी आणि प्रत्येक धंद्यापुढे पुरुष वेगळे, बाया वेगळ्या. सहज चाळायला घेतलं आणि डबा खायचा राहून गेला. भात कांडणं, लाह्या-फुटाणे भाजणं, टोपल्या विणणं, मासे विकणं, सगळीकडे बाया होत्याच. सुती कापड विणण्याच्या ओळीतही पुरुषांच्या शेजारी बाया मोजलेल्या. नावं नव्हती, नुसते आकडे. पण आमच्या घरची एखादी म्हातारी त्यात असणारच, असं वाटून मी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले.

कारण आमच्या घरात विणकर म्हणजे खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो तो. बाकी सगळं बाईचं. तिने सूत उकलायचं, आडव्या सुताच्या कांड्या भरायच्या, उभ्या सुताला म्हणजे ताण्याला खळ लावायची. एक ताणा संपत आला की त्याच्या एकेका धाग्याच्या टोकाला नव्या ताण्याचा धागा वळून सांधायचा, तेही तिनेच. पण मागावर बसायचं नाही. बसली तर मोहल्ल्यात चर्चा. आणखी एक नेम होता: मागावर चढलेलं सूत कापायचं नाही. विणून संपवायचं. घरातलं माणूस गेलं तरी.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, असेच मागावरचा ताणा अर्धवट सोडून गेले. मागे राहिली त्यांची बायको, आमची मोठी माय, आणि त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. त्याचं बाजारात रेडिमेड कपड्यांचं दुकान, दुपारी त्याची बायकोही तिथेच बसायची. त्याला माग काढून, खड्डा बुजवून, टाइल्स बसवून तिथे मोटरसायकल ठेवायची होती. पोरगा वाईट नाही हो. आईला आता आराम मिळावा, असंही तो मनापासून म्हणायचा. फक्त तो ताणा एकदा संपायचा होता. शेजारचे एक म्हातारे विणकर दुपारी येऊन तो विणून देतात, असं मोठ्या मायने त्याला सांगितलं होतं.

त्या दिवशी मी आधी त्या म्हाताऱ्यांकडेच गेले. काय काम करता, विचारलं तर ते हसले. "आता कायचं काम बाई? मोतीबिंदू झाला. दिवाळीपासून मागाले हात नाही लावला."

तिथून उठून मोठ्या मायच्या घरी. ती कोपऱ्यात चरख्यावर कांड्या भरत होती. भाऊ जेवायला आला होता, त्याने हात धुता धुता सगळ्यांचं सांगून टाकलं. "माहं दुकान लिव. मायचं घरकाम."

"आणि माग?"

"आता कोण आहे वो विणणारं? शेजारचे काका येते दुपारी, थोडासाच राहिला ताणा. मंग आणतो गाडी अन् नेतो माग आंधळगावले. गिऱ्हाईक पाहून ठेवलं."

मी मागाकडे पाहिलं. मोठ्या बाबांच्या तेराव्याला त्यावर वीतभर कापड होतं. आता विणलेलं कापड गुंडाळायचा रूळ चांगला फुगला होता. मग मोठ्या मायकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघेचना. काय समजायचं ते मी समजले आणि गप्प बसले. भाऊ दुकानात गेला तशी मी तिच्यापुढे फतकल मारली.

"मोठी माय, कोण बसते वो मागावर?"

"हळू बोल ना, बापा! मी बसतो. दार लावून बसतो."

"मग पोराले सांगत काहून नाही?"

"कायले सांगू? म्हणंल, लोक हासतेत." तिचा चरखा थांबला. "हा माग गेला तं मी या घरात करू काय वो? सुनेच्या चुलीजवळ बसून राहू? माह्यानं नाही होत."

मला राग आला. तिचा नाही, हातातल्या फॉर्मचाच. मी तिला वाचनालयातल्या पुस्तकाचं सांगितलं. शंभर वर्षांमागे इथेच कुणीतरी असाच दारोदार फिरला होता आणि त्याने विणकरांत बाया मोजल्या होत्या, म्हटलं.

"माह्या आजेसासूले मोजलं असंल?"

"नाव नाही तिथं. पण असंल. काहून नसंल?"

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मंग लिव माहं बी. विणकर."

मी लिहिलं. खोटं कशाला सांगू, त्या पंधरा-वीस दिवसांत तेवढं एकच काम मी आनंदाने केलं. पण फॉर्म गेला सरकारात. त्याने माग थोडाच घरात राहणार होता?

मोहफुलं पडायला लागली तेव्हा भावाचा फोन आला: माय म्हणते ताणा संपला, उद्या गाडी बोलावली, बाई तू ये, माय रडली-बिडली तर समजाव. मी गेले. दारात छोटा टेम्पो उभा होता. मोठी माय रडत नव्हती. तिने घडी केलेलं लुगडं त्याच्या हातात दिलं. "हे तुह्या बाबाच्या ताण्याचं. मीच विणलं. काका नाही आला कधी."

त्याने लुगडं उलगडलं. काठ उलटून पाहिला, धंद्याच्या सवयीने. मग पहार घेऊन मागाकडे वळला आणि तिथेच थबकला.

मागावर सूत होतं. कोरं, भरगच्च, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जुन्या ताण्याच्या उरलेल्या टोकांना तिने एकेक धागा वळून नवा ताणा सांधला होता.

"माय, हे काय वो?"

"माग भरेल आहे," ती म्हणाली. "कापतो का?"

टेम्पोवाल्याने बाहेरून दोनदा हॉर्न वाजवला. भावाने पहार दारामागे ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा आईला तिच्या कामाचं विचारलं.

"किती दिवसाचा आहे हा?"

"लंबा आहे," ती म्हणाली, आणि दार उघडं ठेवून, त्याच्या देखत, खड्ड्यात पाय सोडून बसली.