घरात राहा सांगणारा आवाज

लाखनी तालुक्यात ताराचंदला तोंडावरून ओळखणारे थोडे आणि आवाजावरून ओळखणारे सगळे. दिवाळी झाली, धान कापणीला आलं, गावोगाव मंडया, म्हणजे नाटकांच्या जत्रा, भरू लागल्या, की आपे ऑटोच्या टपावर भोंगा बांधून हा माणूस निघायचा. ‘रसिक मायबाप होऽऽ’ अशी हाळी दिली की चुलीपुढची बाई पिठाच्या हातानं दारात यायची, शेताच्या बांधीत धान कापणारा माणूस विळा घेऊन धुऱ्यावर यायचा, आणि पोरं तर हँडबिलासाठी ऑटोमागे धूळ खात पळायची. भावानं बहिणीचं कुंकू पुसलं ते आज मंडईच्या नाटकात पाहायला या, एवढंच तो सांगायचा. का पुसलं, ते कधी सांगायचा नाही. माणसाला घराबाहेर काढायचं असेल तर त्याला अर्धंच सांगावं, हे त्याचं साधं गणित होतं, आणि ते उभ्या आयुष्यात चुकलं नव्हतं.

दुसरं काही त्याला येतही नव्हतं. त्याची बायको शकुनबाई म्हणायची की हा माणूस जेवताना मीठ मागतो तेही अख्ख्या आळीला कळतं. एकुलत्या एका मुलीनं, रीनानं, कुलदीपशी लग्न करायचं ठरवलं तेव्हाही आळीला सगळं आधी कळलं होतं. कुलदीप पलीकडच्या छत्तीसगड राज्यातला, राजनांदगावकडचा. ट्रकवर क्लीनर म्हणून आला आणि हायवेच्या कडेला टायर-पंक्चरचं दुकान टाकून राहिला. दुकानाच्या मागच्या खोलीतच त्यांचा संसार. आता तो गडी इतका इथला झाला होता की गिऱ्हाइकाशी झाडीबोलीतच भांडायचा. नात झाली, गुड्डी नाव ठेवलं, आणि ताराचंदचा उरलासुरला राग निघून गेला. दिवसाआड तो दुकानावर चक्कर मारायचा, नातीला मांडीवर घ्यायचा आणि जावयाला उगाच चार गोष्टी शिकवायचा.

त्या वर्षी मंडई पाहून परतणारी टोली वस्तीवरची दोन पोरं हायवेवर ट्रकखाली आली. ट्रकचा नंबर छत्तीसगडचा होता. ड्रायव्हर ट्रक सोडून पळाला आणि जमावानं ट्रक पेटवला. इथपर्यंत दुःख होतं, पोरांच्या आयांचं होतं, आणि ते खरं होतं. पुढे मात्र त्या दुःखावर स्वार होणारे उगवले. बाहेरच्या नंबराच्या गाड्या फुटू लागल्या. हायवे बंद पडला, ढाब्यांवर दगड पडले, तिकडे आपल्या नंबराच्या गाड्या अडवल्याच्या बातम्या आल्या, आणि इकडचे हात आणखी शिवशिवू लागले. मग फोनवर फिरायला लागलं की ड्रायव्हर लाखनीतच आहे, त्याच्याच मुलखातल्या माणसानं त्याला लपवलाय. नाव कोणी लिहिलं नव्हतं, आणि लिहायची गरजही नव्हती, कारण हायवेवर त्या मुलखातला दुकानदार एकच होता.

ताराचंदच्याही फोनवर ते आलं. तो तसाच दुकानावर गेला आणि तिघांनी घरी चलावं म्हणून जावयाच्या हातापाया पडायचाच बाकी राहिला. कुलदीप टायरवर बसून होता, उठला नाही.

“मामाजी, मी आता पराय काढला त लोक म्हनतीन, यानंच लपवला होता,” तो म्हणाला. “मी का केलं? मी कायले पळू?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. रीना म्हणाली की हे येत नाहीत तर मीही येत नाही. शेवटी निदान शटर तरी पाडून ठेवा, माझ्याशिवाय कोणाच्या आवाजाला उघडू नका, असं बजावून ताराचंद परत आला. हे आपण काय सांगून आलो, ते त्याला तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

गावात तोवर नागरिक शांतता समिती स्थापन झाली होती. अध्यक्ष भय्याजी, निवृत्त मुख्याध्यापक, अर्ध्या तालुक्याला पाढे शिकवलेला माणूस. समितीत डॉक्टर होते, व्यापारी होते, भजनी मंडळाचे लोक होते, एक प्राध्यापक होते. जनतेला आवाहन करायचं ठरलं. आता ‘आवाहन’ म्हणावं की ‘नम्र विनंती’, ‘संयम’ आधी यावा की ‘बंधुभाव’, यात अख्खी दुपार गेली. बाहेर गाड्या जळत असताना आत शब्दांना इस्त्री करणारी माणसं प्रत्येक तालुक्यात असतात. भय्याजी त्यातले नव्हते, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना तीच बसली होती.

मध्येच भय्याजींना फोन आला. तो ड्रायव्हर दुसऱ्याच तालुक्यातल्या पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर झाला होता. भय्याजींनी लगेच ते आवाहनात लिहून घेतलं. पण फोनवरच्या पोलीस साहेबानं सांगितलं होतं की वरून लेखी आल्याशिवाय हे जाहीर करू नका, लोक त्या ठाण्यावर चालून जातील. समितीलाही ते पटलं. भय्याजींनी स्वतःच्या हातानं ते वाक्य खोडलं. जी एक गोष्ट लोकांना हवी होती ती वगळून बाकी सगळं त्या कागदावर राहिलं.

कागद वाचायला ताराचंदशिवाय दुसरं कोण? या आवाजावर लोकांचा जीव आहे, असं समितीत सगळे एकमुखानं म्हणाले. ताराचंदनं कागद घेतला, खोडलेलं वाक्यही वाचलं. ते कोणाला सांगायचं नाही, साहेबाचा हुकूम आहे, अशी भय्याजींनी शपथ घातली. ताराचंदनंही एक अट घातली. ऑटो आधी टोलीवर न्यायचा. टोली म्हणजे कुलदीपच्या दुकानासमोर, हायवेच्या पलीकडची वस्ती. मेलेली पोरं तिथलीच. भय्याजी म्हणाले, आज तिकडे नको, त्यांच्या घरी सुतक आहे, सगळे आपापल्या घरात आहेत, तिथलं पाणी हलवू नका, आधी बाजारात जा. ताराचंदनं हात जोडले. त्याला एकच दिसत होतं, टोली आणि दुकान यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे.

“भय्याजी, माही पोरगी तटी हाये,” तो म्हणाला.

भय्याजींनी होकाराची मान डोलावली.

उन्हं कलताना ऑटो टोलीत शिरला. चालवायला शेजारचा राजकुमार होता. वस्ती खरोखरच शांत होती. अंगणं रिकामी, दारं लोटलेली, एक कुत्रं तेवढं ऑटोच्या आवाजानं उठलं. ताराचंदनं घसा साफ करून कागद वाचायला घेतला. ‘तमाम नागरिक बंधू-भगिनींना या पत्रकाद्वारे आवाहन करण्यात येते की’ ही असली भाषा त्याच्या घशानं कधी पाहिली नव्हती. ती अडखळू लागली. आणि घसा अडखळला की जे सवयीचं असतं तेच वर येतं. दुसऱ्या ओळीला त्याच्या आवाजानं हेल घेतला, शेवटचं अक्षर लांबलं, आणि ‘शांतता राखाऽऽ’ हे नेमकं ‘पाहायला याऽऽ’ सारखं निघालं.

एक दार उघडलं, मग दुसरं. पोरं हँडबिलासाठी धावत आली. एका बाईनं पदर सावरत विचारलं की आजचं नाटक आहे का रद्द झालं, घरी पाहुणे येऊन बसलेत. त्या पोरांच्या घरी सुतक असलं तरी सगळ्या टोलीत नव्हतं, आणि मंडईचे पाहुणे तर आधीच आलेले होते. एक म्हातारा काठी टेकत आला, म्हणाला, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. ताराचंद पुन्हा सांगू लागला. घरात राहा, बाहेर निघू नका, जमाव करू नका. सांगावं तितकी माणसं वाढत होती, म्हणून तो आणखी मोठ्यानं सांगत होता, आणि आणखी मोठ्यानं सांगितल्यामुळे पलीकडच्या गल्लीतलीही येत होती. जन्मभर त्यानं माणसं बाहेर काढायची विद्या केली होती. माणसं घरात घालायची विद्या त्याच्याजवळ नव्हती, आणि ती आता या घडीला कुठून आणायची?

राजकुमार घाबरून म्हणाला की भाऊ, बंद करा, परत जाऊ. पण तोवर पुढेमागे माणसंच माणसं झाली होती. आपापल्या घरात एकेकटे धुमसत बसलेले जवान पोरगे आता एकमेकांशेजारी उभे होते. त्यातला एक, गोलू म्हणून, मेलेल्या पोरांपैकी एकाचा चुलतभाऊ, पुढे आला. त्याचे डोळे रडून सुजले होते.

“भाऊ, तुमचा जवाई त्याच मुलखातला ना?” त्यानं विचारलं. आणि मग मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “म्हनूनच हे आपल्याले घरात राहा म्हनून राहिले.”

यातलं अर्धं खरं होतं. ताराचंद जावयासाठीच आला होता. तो गडबडला, आणि तो गडबडलेला सगळ्यांनी पाहिला.

मग त्यानं कागद फेकून दिला. भय्याजींची शपथ, साहेबाचा हुकूम, सगळं गुंडाळून ठेवलं आणि माईकमध्ये ओरडला, “ड्रायव्हर पोलिसायजवळ हाये! माह्या नातीची आन, कुलदीपनं कोनालेच लपवलं नाई!”

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं अर्धं सोडून सगळं सांगितलं. पण भोंग्यातून गेलेला तो आवाज तोच होता, कुंकू पुसणाऱ्या भावाचा आणि रडणाऱ्या बहिणीचा. मागून कोणीतरी त्याच हेलात वेडावलं, बाकीचं पाहायला रातच्याला याऽऽ. दोघंचौघं हसले. त्या हसण्यानं जे उरलं होतं तेही गेलं. गोलू हायवेकडे चालू लागला आणि त्याच्यामागे सगळे.

ताराचंदनं राजकुमारला ऑटो पुढे काढायला लावला. जमावाच्या आधी दुकानावर पोचायचं, एवढंच त्याला सुचत होतं. माईक हातातच होता. तो ओरडत होता, थांबा रे, मायबाप हो, पाया पडतो, थांबा. गर्दीत ऑटो पुढे सरकत नव्हता. आवाज मात्र सरकत होता. तो रस्ता ओलांडून गेला, दुकानावर पोचला, शटरच्या आत शिरला.

आत गुड्डी म्हणाली, आबाजी आले. कुलदीपनंही ओळखलं. माझ्याशिवाय कोणाच्या आवाजाला उघडू नका, असं मामाजी सांगून गेले होते, आणि हा तर मामाजींचाच आवाज होता. त्यानं शटर वर उचललं.

पहिला दगड त्याच्या डोळ्यावर बसला. पुढचं ताराचंदनं ऑटोतून पाहिलं आणि तो ते कोणाला सांगत नाही. रीनानं नवऱ्याला ओढत मागच्या दारानं काढलं, पोरीला काखेत मारलं, आणि कापलेल्या धानाच्या बांध्यांमधून ती दोघं अनवाणी पळाली. धसकटांनी दोघांचे पाय चाळणी झाले. मागे दुकानातले टायर पेटले. टायर विझता विझत नाहीत. त्याचा काळा धूर लाखनीतल्या प्रत्येक घरातून दिसत होता आणि लोक गच्चीवर चढून पाहत होते.

काही दिवसांनी सगळं शांत झालं. हायवे सुरू झाला, ड्रायव्हर ठाण्यात हजर झाल्याची बातमी लेखी आली, गोलूसह बऱ्याच पोरांवर गुन्हे दाखल झाले. कुलदीपचा डोळा गेला तो गेलाच. रीना त्याला घेऊन राजनांदगावला निघून गेली. शकुनबाई स्टेशनवर पोचवायला गेली. ताराचंदला कोणी ये म्हणालं नाही आणि तोही उठला नाही.

समितीनं मात्र शांतता मेळावा घेतला आणि जिवावर उदार होऊन आवाहन पोचवल्याबद्दल ताराचंदचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. माणसांना काय काय सुचतं! मेळावा संपल्यावर भय्याजी त्याच्याशेजारी येऊन बसले. मी ते वाक्य खोडायला नको होतं, म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. ताराचंद त्यांना म्हणाला नाही की मी तिकडे जायला नको होतं. भय्याजींना ते माहीत होतं, आणि म्हणूनच बिचारे सगळा दोष आपल्याकडे घेत होते.

ताराचंदनं भोंगा विकून टाकला. नाटक कंपन्यांचे फोन आले, ते शकुनबाईनं परतवले. पण नातीशिवाय त्याला करमेना. एका संध्याकाळी त्यानं रीनाला फोन लावला. कशी आहे गुड्डी, एवढं म्हणाला असेल नसेल, तिकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि पोरीचं रडणं सुरू झालं. फोन स्पीकरवर होता. पोरगी खाटेखाली शिरली होती. रीनानं थोड्या वेळानं परत फोन केला.

“बाबा, फोन करत जा,” ती हळू आवाजात म्हणाली. “पन बोलू नका. ती तुमचा आवाज आयकला का भेते. मी तिले सांगीन, आबाजी आयकून राहिले म्हनून.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी ताराचंद फोन लावतो आणि बोलत नाही. अंगणात बाजेवर बसून तो फोन कानाशी घट्ट धरतो. आधी गुड्डी जवळ यायची नाही. मग आली. मग रीनानं युक्ती काढली, आबाजी फोनवर एकदा टिचकी मारतील तर हो, दोनदा मारतील तर नाही. पोरीला खेळ आवडला. जेवले का आबाजी? टिचकी. ताप आला होता का? दोन टिचक्या. ती शाळेतलं सांगते, नव्या बाईंचं सांगते, बाबांना आता एका डोळ्यानं सुई ओवता येते तेही सांगते. शकुनबाई शेजारी बसून पदर तोंडात धरते.

परवा गुड्डी बराच वेळ बोलली. मागे कुलदीप खोकल्याचा आवाज आला. मग ती अगदी फोनजवळ तोंड आणून, आईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली,

“आबाजी, तुमी त्या लोकायले आमच्या घरी काहून आनलं होतं?”

ताराचंदचं बोट फोनच्या पाठीवर टेकलेलं होतं. एकदा मारली तर हो आणि दोनदा मारली तर नाही, एवढंच ठरलं होतं.