आईच्या गळ्यातला पट्टा

एका जागी उभं राहणं मला जमत नाही, आणि माझा धंदा मात्र लोकांना जागोजागी उभं करून बोलण्याचा. रविवारी सकाळी पुण्याहून बस येते. त्या मंडळींना मी जुन्नरच्या पेठांमधून पायी फिरवते. जुन्या दारांवरचं कोरीवकाम, बारवेच्या पायऱ्या, एके काळी हाताने कागद करणाऱ्यांची वस्ती, खालून दिसणारा शिवनेरीचा कडा, असं सगळं. मग त्याच बसने आम्ही डिंगोऱ्याला जातो. ते माझं माहेर. तिथे ओढ्याकाठची पायवाट, पक्षी, झाडं आणि शेवटी आमच्या मळ्यात पिठलं-भाकरी. जाहिरातीत मी याला ‘वारसा आणि निसर्ग फेरी’ असं भारदस्त नाव दिलंय. नवरा म्हणतो, ‘तू लोकांना फिरवत नाहीस, हाकतेस.’

गेल्या हिवाळ्यात तर मी खरंच हाकत होते. मला डिंगोऱ्याला लवकर पोचायचं असायचं. वडील गेल्यापासून आई मळ्यात एकटी राहते, भाऊ चाकणला कंपनीत. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस. शेजारच्या शिवारात कांदा खुरपणाऱ्या एका बाईवर बिबट्याने मागून झडप घातली होती. बाई वाचली, पण माझी झोप उडाली ती उडालीच. आमचा कांदाही उसाला लागून आणि आईही दिवसभर तिथे वाकलेली.

फेरीत दर वेळी कुणीतरी विचारतंच, ‘बिबट्या दिसेल का हो?’ माझं उत्तर ठरलेलं. ‘तुम्हाला तो दिसणार नाही, पण त्याने तुम्हाला पाहिलेलं असेल.’ लोक खूश होतात, एकमेकांना चिकटतात, हसतात. मीही हसते. आतून मात्र माझा जीव टांगणीला लागलेला असतो, कारण त्या क्षणी तो नक्की कुणाला बघतोय हे मला ठाऊक नसतं.

‘जुन्नरला चल,’ असं मी आईला किती वेळा म्हणाले असेन. तिचं एकच. ‘आन् म्हशीला काय यष्टीत बशिवती का?’ भावाला फोन केला तर तो म्हणाला, ‘ती ऐकत न्हाई, मी काय करू?’ तो तिथून काय करणार होता, आणि मी तरी इथून काय करत होते? शेवटी मी तिच्यासाठी एक पट्टा आणला. जाड चामड्याचा, बाहेरच्या अंगाने टोकदार खिळे लावलेला. बिबट्या मान धरतो म्हणून आमच्याकडे रानात जाणाऱ्या बायका असा पट्टा गळ्यात घालू लागल्या होत्या. आईने तो उलटसुलट करून बघितला. ‘कुत्र्याला घालत्यात तसला हाय की,’ म्हणाली. मी चिडले. घातलाच पाहिजे म्हणाले, शपथ घातली.

पुढच्या रविवारी आम्ही चालत मळ्यापाशी पोचलो तेव्हा आई पट्टा घालून बांधावर उभी होती. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. लोकांना मात्र भलताच आनंद झाला. सगळे मोबाइल बाहेर निघाले. तेव्हापासून प्रत्येक रविवारी असंच. आई पट्टा घालून उभी राहायची, लोक फोटो काढायचे, मी बिबट्या आणि ऊस यांची माहिती सांगायचे. फोटो काढू नका म्हणावंसं वाटायचं, पण आईच पदर सारखा करून उभी राहायची, तर मी कुणाला काय सांगणार?

मग तो रविवार आला. बारवेपाशी मी इतकी घाई केली की एक आजोबा चक्क रागावले. ‘अहो बाई, आम्ही पायऱ्या बघायला आलोय, तुमची पाठ बघायला नाही.’ मी माफी मागितली आणि आणखी भरभर चालू लागले. डिंगोऱ्याला ओढ्याकाठच्या ओल्या मातीत ताजे ठसे होते. लोक ठशांभोवती गोळा झाले. मी वाकून बघितलं. ठसे आमच्या मळ्याच्या दिशेने गेले होते. मी तशीच पुढे निघाले. मागून कुणीतरी ‘थांबा ना’ म्हणत होतं.

आई बांधावर होती. पट्टा गळ्यात. मी श्वास सोडला.

पहिल्या भाकऱ्या वाढून झाल्या तेव्हा एका मुलीने आईला विचारलं, ‘आजी, मी घालून बघू? एकच फोटो.’ आईने लगेच पट्टा काढून दिला. मुलीने तो गळ्याभोवती धरला, पण बकल लागेना. ती खुदकन हसली. ‘अय्या, याच्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलंच नाही!’

मी पट्टा हातात घेतला. बकलाला दुकानातला पातळ प्लॅस्टिकचा कागद तसाच चिकटलेला होता. चामडं कडक. कुठे घामाचा डाग नाही, मातीचा कण नाही. दोन महिने रोज कांदा खुरपणाऱ्या माझ्या आईच्या गळ्यात होता म्हणे.

मंडळी आंब्याखाली जेवत होती. मी आईला चुलीपाशी गाठलं.

‘तू हे रोज घालत न्हाईस?’

‘रोज कशाला?’ ती भाकरी उलटत म्हणाली. ‘घालून वाकाया येत न्हाई. हनवटीला टोचतंय.’

‘मंग ऐतवारी कशाला घालती?’

‘तुझ्या पावन्यांना बघायचं असतंय ना. किती लांबनं येत्यात बिचारी. तूच म्हनली व्हतीस घालाया.’

मला संताप आला. पावण्यांसाठी नाही, तुझ्यासाठी आणला होता, असं मी जवळजवळ ओरडले. आंब्याखालच्या दोघातिघांनी वळून बघितलं. बाहेर ठसे उमटलेत, मला दिवसरात्र दुसरं काही सुचत नाही, तुला काही झालं तर मी काय करू, हे सगळं एका दमात तिला ऐकवलं.  भाकरी टोपल्यात ठेवून तिने हात पुसले.

‘येवढी काळजी हाय, तर येकदा तरी पावनं न आनता ये की.’

 त्या हिवाळ्यात मी एकदाही एकटी आले नव्हते. प्रत्येक वेळी बस, प्रत्येक वेळी माणसं, आणि जेवणं उरकली की ‘चला, उशीर होतोय’.

त्या दिवशी मी बस पुढे पाठवली. ड्रायव्हर म्हणाला, ‘ताई, तुमी कशा येनार?’ जीप मिळेल म्हणाले. लोकांनी हात हलवले, मी हलवला, आणि बस वळणाआड गेली.

आई खुरपं घेऊन वाफ्यात बसली होती. मी पट्टा पुढे केला, तर म्हणाली, ‘तू हायेस की मागं.’ मग मी दुसरं खुरपं घेतलं आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसले, तोंड उसाकडे करून. आई बोलू लागली. म्हशीचं दूध, भावाचा फोन, ओतूरच्या बाजारात भेटलेली तिची जुनी मैत्रीण, एकातून दुसरं निघत होतं. इतकं बोलायचं तिचं साठलं असेल याची मला कल्पनाच नव्हती. मी ‘हं, हं’ करत होते. उसाचं पान हललं की अंग ताठ व्हायचं, हातातलं खुरपं थांबायचं. एकदा तर मी उठून उभीच राहिले. वारा होता.

‘बस की गं खाली,’ आई म्हणाली. मी बसले. थोड्या वेळाने ती बोलायची थांबली.

‘काय झालं?’ मी उसावरची नजर न काढता विचारलं.

‘काय न्हाई. तू ऐकत न्हाईस.’

‘ऐकतीय की.’

‘मंग सांग, आत्ता मी काय म्हनले?’

मला सांगता येईना.