आत्याच्या पिकअपचं इंजिन

रमणचा फोन आला की मी आधी पेन शोधतो. रमण माझ्या चंपाआत्याच्या पिकअपचा ड्रायव्हर, आणि गाडीच्या खर्चाखेरीज दुसऱ्या कशासाठी त्याने मला कधी फोन केल्याचं आठवत नाही. त्या सकाळीही मी पेन हातात घेऊन विचारलं, "कुठे बंद पडली?" तो म्हणाला, "गाडी दारातच आहे, दादा. आत्या गेली..." त्याला आता सव्वा महिना होईल.

चंपाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सासर डहाणूच्या किनाऱ्यावर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बोंबील, जवळा, करंदी वाळवायची आणि तलासरीच्या आठवडी बाजारात नेऊन विकायची, हा तिचा जन्मभराचा धंदा. तिच्याबरोबर पाड्यातल्या आणखी पाच जणी जात. बसमध्ये सुक्या मासळीच्या टोपल्या म्हटल्या की लोक नाकाला पदर लावत, कुणी भांडायला उठे. म्हणून २०१४ साली तिने जुनी पिकअप घेतली. बाकीच्या बायका फेरीमागे भाडं देत, त्यात डिझेल आणि रमणचा पगार निघे. गाडीचा हिशेब माझ्याकडे होता, कारण मी घोलवडच्या एका नर्सरीत तेच काम करतो. आत्या म्हणायची, "हा आमचा बाबू पैसा मोजतो ना, तर पैशालाच घाम फुटतो." हे कौतुक होतं की टोमणा, ते मी कधी विचारलं नाही.

दोन वर्षांनी, दिवाळीनंतर, गाडी तलासरीच्या अलीकडे बंद पडली. रेडिएटर फुटून पाणी संपलेलं, इंजिन जाम. मिस्त्रीने खोलून पाहिलं तर ब्लॉकला तडा गेलेला. दुरुस्ती होण्यासारखी नव्हती. एक तर आहे तशी गाडी विकायची, साठ हजार आले असते. नाही तर वापीहून अपघातात मोडलेल्या गाडीचं चांगलं इंजिन आणून बसवायचं. क्लच प्लेट, मजुरी, आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवणं, सगळं धरून पंचाहत्तर हजार. आणि आत्याकडे पोस्टात होते ऐंशी.

ते ऐंशी दुसऱ्याच कामासाठी ठेवलेले होते. त्या पावसाळ्यात तिला चालताना छातीत भरून यायला लागलं होतं. डॉक्टरांनी हृदयाची मोठी तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं, आणि पुढे काय निघेल ते निघेल म्हणून पैसे हाताशी ठेवायला सांगितले होते. म्हणजे प्रश्न सरळ होता. एका रकमेत एकच काम.

मी गाडी विकण्याच्या बाजूचा. बाजाराच्या दिवशी भाड्याचा टेम्पो करावा, तपासणी लगेच करावी, असं माझं मत. भाड्याचा आकडा कागदावर हवा म्हणून घोलवडला ओळखीच्या टेम्पोवाल्यांना विचारलं. ते सगळे चिकू भरणारे. सुकी मासळी म्हटल्यावर एकेक जण हात जोडायचा. फळीला वास लागला की पॅकिंगवाले ती गाडी फाटकातून आत घेत नाहीत. एक तयार झाला, पण दुप्पट भाड्याला, वर म्हणे बायकांनी गाडी धुऊन द्यायची. तो आकडा धरला तरी माझ्या मते आधी छातीचंच काम करायला हवं होतं. भाडं परवडत नसेल तर चार महिने बाजार बंद ठेवा, असं मी आत्याला सांगितलं.

ती अंगणात बोंबील निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "चार महिने? तिथे आमच्या जागेवर बांगडीवाला डोळा लावून बसलाय."

बाजारातली जागा कागदावर कुणाचीच नसते. बसेल त्याची. दोन-चार बाजार चुकले की शेजारचा पथारी पसरतो, आणि मग भांडूनही ती परत मिळत नाही. हे मला ठाऊक होतं, पण आकड्यात कसं धरायचं ते कळत नव्हतं.

"आणि तुझी छाती?" मी म्हटलं.

"मी बंद पडले तर एकटीच पडेन की रे. गाडी बंद राहिली तर ह्या पाच जणी काय माझ्या छातीचा फोटो बघत बसतील?"

मी खूप बोललो. शेवटी चिडून उठलो. "चहा घेऊन जा," एवढंच ती म्हणाली.

इंजिन आलं त्या दिवशी मात्र मी तलासरीला गेलो. मिस्त्रीने ते चेनकप्पीला टांगलं होतं, खाली उतरवणार इतक्यात आत्याने पिशवीतून हळद-कुंकू आणि नारळ काढला. आमच्याकडे होडीवर इंजिन चढवताना करतात तसंच. मिस्त्री हसायला लागला. "मावशी, भंगारातलं आहे, ह्याची कसली पूजा?" आत्या म्हणाली, "आपल्या दारात आलं म्हणजे नवंच. तू खोबरं खाणार ना? मग गप ऱ्हा."

गाडी पुन्हा सुरू झाली, जागा राहिली. पैसे साठायला दीड वर्ष गेलं, मग तपासणी झाली. गोळ्या सुरू झाल्या. आधी आला असता तर... असं डॉक्टर काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. ती त्यानंतर वर्षभर होती. इंजिनाचा खर्च भरून निघाला होता, हे मी पडताळून पाहिलं आहे. दुसऱ्या बाजूला काय लिहायचं ते मला आजही ठरवता येत नाही.

तेराव्यानंतरच्या पहिल्या बाजाराला मी त्या पाच जणींबरोबर गेलो. गाडी आता कुणाच्या नावावर करायची ते बोलायचं होतं. महामार्गाच्या अलीकडे एक चढ आहे. रमणने चढाच्या पायथ्याशी गाडी थांबवली आणि पाचही जणी उतरल्या, म्हणून मीही उतरलो. रिकाम्या टोपल्यांसारखी हलकी होऊन गाडी वर निघून गेली. मी बरोबर चालणाऱ्या मंजुळाबाईंना विचारलं, काय बिघडलंय का?

"बिघडलं कुठे? तिनेच लावलंय हे. नवीन इंजिन बसवल्यापासून. म्हणायची, एवढ्या पैशाचं आहे, त्याला दम नको लागायला."

"आणि ती?"

"ती पण चालायची. सांगितलं होतं, तू बस आत. ऐकते कुठे..."

ते इंजिन सहा बायका आणि भरल्या टोपल्यांसकट तो चढ सहज चढलं असतं. उतरून चालण्याने चमचाभर डिझेल वाचत असेल. मी हे मंजुळाबाईंना सांगितलं नाही. वर पोहोचलो तेव्हा रमण गाडी चालू ठेवून उभा होता. पण कुणी लगेच चढलं नाही. पाचही जणी गाडीच्या सावलीत उभ्या राहिल्या, मागच्या रस्त्याकडे बघत. आत्याला वर यायला जितका वेळ लागायचा, तितका वेळ.