तुले पाणी पाहिजे काय?

माझी सून शाळेत शिकवते. परवा जेवताना ती तिच्या वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगत होती. स्वमग्नता हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तिच्याच तोंडून. अशी काही मुलं आपलंच वाक्य जसंच्या तसं परत बोलतात, ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणतात, असं ती म्हणाली. ‘बाबा, तुमच्या काळी हे कोणाला ठाऊकच नसेल ना?’ मी खाली मान घालून वरणभात कालवत राहिलो. शब्द ठाऊक नव्हता, हे खरं. पण बाकीचं सगळं मला एका बाईने नीट समजावून सांगितलं होतं.

मोताळ्याजवळच्या एका खेड्यात माझी पहिली नोकरी. वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर चाले. हुकूम नागपूरहून यायचे आणि वर्षातून एकदा डिप्टीसाहेब तपासणीला. मी मास्तरकीचं नॉर्मल स्कूल करून आलेला, वीस-एकवीस वर्षांचा, डोक्यात चटकन राख घालून घेणारा, आणि स्वतःच्या शुद्ध मराठीवर बेहद्द खूश. खरं म्हणजे मी त्याच भागातल्या नांदुऱ्याचा. माझी आई मला ‘काऊन बे’ म्हणूनच हाक मारायची. पण बाहेर राहून आल्यापासून तुले-मले कानावर पडलं की मला कसंसंच व्हायचं. गावातल्या सगळ्या पोरांच्या जिभा सरळ करीन तरच नावाचा, असं मी ठरवलं होतं.

एका सकाळी एक शेतकरी बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी आठ वर्षांची असेल. ती माझ्याकडे न बघता दारातल्या चपला-जोडे एका रेषेत लावायला बसली.

‘पोरगी थोडी येगळी हाये, मास्तर,’ बाई म्हणाली. ‘तिले तहान लागली का ते तुमालेच इचारन, तुले पाणी पाहिजे काय? मी तिले तसं इचारते ना, म्हून तिले वाटते पाण्याले तसंच म्हन्तेत. तवा तिले पाणी देजा. दुसरं काही नोका शिकवू.’

‘मग शाळेत कशाला पाठवता?’ मी विचारलं.

‘घरी मी एकटी तिचं बोलनं समजते. चार लोकाइत राहीन त चार जनाले समजन. माझ्यामागं तिनं कोनाले पाणी तं मांगितलं पाहिजे.’

एवढंच तिचं मागणं होतं. आमच्या शाळेत त्याला अर्थही होता. कोपऱ्यात माठ असे, पण कोणत्या मुलाने माठाला शिवायचं आणि कोणत्या नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. वाद नको म्हणून मी कोणालाच हात लावू देत नसे. मागेल त्याला मी वरून ओंजळीत पाणी घालायचो. म्हणजे मागितल्याशिवाय पाणी नाही. त्या माठाबद्दलही मला लाज वाटायला हवी, आणि वाटते.

पहिला महिना मी बाईचं ऐकलं. मुलगी माझ्या टेबलाशी यायची, खिडकीकडे बघत ‘तुले पाणी पाहिजे काय?’ म्हणायची, मी पाणी घालायचो. वर्गही सरावला. पाढे तर ती असे म्हणायची की पावकी, निमकी, दीडकी एका दमात, कुठेही अडखळायची नाही. तिथेच माझी मती फिरली. एवढं पाठ होतं, तर एक शुद्ध वाक्य का होऊ नये?

‘तुले नाही. मला पाणी हवं आहे गुरुजी, असं म्हण,’ मी शिकवायला लागलो.

‘मला पाणी हवं आहे गुरुजी असं म्हण,’ ती म्हणाली.

‘असं म्हण, हे नाही म्हणायचं.’

‘असं म्हण हे नाही म्हणायचं.’

पोरं लोटपोट हसली. मला वाटलं, ही माझी टर उडवते आहे. आठ वर्षांची पोर माझी टर उडवते, असं वाटण्याइतका मी शहाणा होतो.

मग तपासणीचा दिवस आला. उन्हं तापायला लागली होती. डिप्टीसाहेबांसमोर माझा हुकमाचा एक्का म्हणून मी तिलाच उभी केली. तिने निमकी म्हटली, दीडकी म्हटली, साहेबांनी मान डोलावली, माझी छाती फुगली. पाढे म्हणून तिचा घसा सुकला असणार. तिने साहेबांच्या पगडीच्या वरून कुठेतरी बघत विचारलं, ‘तुले पाणी पाहिजे काय?’

सगळा वर्ग फिसकन हसला. साहेबसुद्धा हसले. माझं मात्र भर वर्गात नाक कापलं गेलं. मी तिचं मनगट धरून तिला ओढत कोपऱ्यात नेलं आणि दरडावलं, ‘चूप! मोठ्यांशी असं बोलतात का?’

कोपरा माठाचा होता. तिच्या हाताशी माठ, माठावर पालथं घातलेलं भांडं. तिने हात लावला नाही, कारण लावायचा नाही हे मीच शिकवलं होतं. दोन तास ती तिथे उभी होती. मधून मधून म्हणायची, ‘तुले पाणी पाहिजे काय?’ आणि दर वेळी मी वळून ‘चूप! मोठ्यांशी असं बोलतात का?’ हेच म्हणायचो, त्याच सुरात. चार-पाच वेळा तरी म्हटलं असेल. मग ती गप्प झाली. शाळा सुटेपर्यंत मी तिला पाणी दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तिचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं. मी गेलो नाही. पुढे माझी बदली धाड गावाकडे झाली आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

आठ-दहा वर्षांनी मोताळ्याच्या बाजारात त्या बाईनेच मला ओळखलं. केस पिकले होते. ‘मास्तर, घरी चाला,’ म्हणाली. नाही म्हणायला तोंड नव्हतं, गेलो.

मुलगी आता मोठी झाली होती. ओसरीवर बसून कापसातली सरकी काढत होती आणि सरकीच्या ओळी लावत होती. मी समोर बसलो तरी तिने वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिचे हात थांबले. भिंतीकडे बघत ती म्हणाली, ‘चूप! मोठ्यांशी असं बोलतात का?’

आवाज तिचा होता, सूर माझा. ‘चूप’वर दिलेला झटका माझा, ‘का’ला दिलेला हेल माझा.

आईने लगेच उठून तांब्या भरला आणि तिच्या हातात दिला. ती घटाघटा प्यायली.

‘तिले तहान लागली का तसंच म्हन्ते,’ बाई मला सांगू लागली. ‘पयलंचं सारं इसरली. त्या दिवशी तुमी तिले उभं केलं म्हने, पोरं सांगत होते. तवापासून हेच. शेजारीन येक डाव पाणी द्याले आली, त हे आयकून रागानं निंगून गेली. मले समजते, म्हून बरं हाये.’

चौघांना समजावं म्हणून शाळेत घातलेली मुलगी. तिचं पाण्याचं वाक्य मी काढून घेतलं आणि बदल्यात असं दिलं की ते ऐकून कोणीही तिला पाणी देणार नाही. आईच्या मागे तर कोणीच नाही. हे मी त्या बाईला सांगायला हवं होतं, की ते वाक्य माझं आहे. मी सांगितलं नाही.

तिने माझ्यासाठीही तांब्या भरून आणला. समोर ठेवला आणि जरा कौतुकाने विचारलं, ‘पन बोलते सुद्द, नाही काय, मास्तर?’

मी म्हणालो, ‘हो. शुद्ध आहे.’