मेलबर्नचं घड्याळ

"घड्याळ कोणाचं?"

खुर्चीच्या पाठीवर अंगठी टकटक वाजवून ते विचारायचे. समोरचा गुजराती असला तर "घडियाळ कोनी?" उत्तर चुकलं की उभं राहून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, बरोबर उत्तर म्हणायला लावायचे. चांगल्या चाळिशीतल्या बाप्यांनासुद्धा. तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच, बघा.

अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसात ते डेटाबेसचे साहेब. कॅनडातल्या डायलिसिस केंद्रांचं काम आमच्याकडे होतं. रुग्णाने कधी यायचं, त्याचा संदेश बडोद्याहून जायचा. डेटाबेसमध्ये वेळ एकच साठवलेली असते, पण सेशन उघडणारा, म्हणजे कामापुरता डेटाबेसला जोडला जाणारा, त्यात हव्या त्या गावचं घड्याळ लावतो आणि तीच वेळ त्याला त्या गावची होऊन दिसते. त्यात आमची कनेक्शनं सामायिक. एकाचं काम झालं की तेच कनेक्शन दुसऱ्याला, पहिल्याने लावलेल्या घड्याळासकट.

"बाथरूमच्या चपला आहेत त्या," साहेब म्हणायचे. "ओल्या ठेवाल तर पुढच्याचे पाय भिजतील. लावलेलं घड्याळ परत फिरवायचं." नियम त्यांचाच, आणि तो मोडणाऱ्याची ते सालटी काढायचे.

गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहायची रीत आहे. मला नाही जमणार. माणूस दुष्ट होता. एकाचे वडील आयसीयूत, तो रजा मागायला गेला, तर म्हणाले, "वडील इथल्याच टाइम झोनमध्ये आहेत ना? मग संध्याकाळी जा." मी साखरपुड्याचे पेढे घेऊन गेले तर म्हणाले, "बरं झालं, तुझ्या चुका निस्तरायला आणखी एक माणूस मिळाला." पेढे मात्र दोन खाल्ले.

दुपारचा चहा झाला की हेच साहेब एक ओळ टाइप करायचे आणि सेशनचं घड्याळ मेलबर्नला लावायचे. मुलगा तिथे होता. खिशातल्या फोनवर वेळ दिसली असती, पण नाही, ह्यांना डेटाबेसलाच विचारायचं! तिकडे तो जेवूनखाऊन निवांत बसला असेल अशी खात्री झाली की फोन लावायचे. रिंग वाजून वाजून बंद व्हायची. असा बाप असल्यावर पोरगा मेलबर्नलाच पळणार. त्याहून लांब विमान जात नसेल म्हणून तिथे थांबला. पण फोन कानाला असताना साहेबांचा चेहरा बघवत नसे, खोटं कशाला बोलू? मग ते घड्याळ परत फिरवायचे आणि कोणाच्या तरी खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. त्या वेळी आम्ही सगळे कॅन्टीनमध्ये उगाच चहा फुंकत बसायचो.

फाल्गुनी सावली गावाहून बसने यायची. रुग्णांना संदेश पाठवणारा प्रोग्राम तिचा. नोकरी आहे तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही, हे तिने बापाकडून भांडून मिळवलं होतं. नोकरी सुटली की मामाने बघितलेला आणंदचा मुलगा. ती म्हणायची, "बेन, माझं लग्न साहेबांच्या हातात आहे," आणि खो खो हसायची.

एक दिवस मेलबर्नला फोन उचलला गेला.

"हॅलो? बाळा?" असा शब्द त्या तोंडातून! साहेब उठले, बोलत बोलत जिना उतरले आणि तसेच दांडिया बाजारातल्या घरी गेले. जाताना वॉचमनला "केम छो" म्हणाले. तो बिचारा घाबरला.

घड्याळ मेलबर्नचंच राहिलं. संध्याकाळी तेच कनेक्शन फाल्गुनीच्या प्रोग्रामला मिळालं, आणि कॅनडातल्या आजच्या दुपारच्या वेळा उद्याच्या पहाटेच्या होऊन गेल्या. माणसांचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती माणसं बर्फात केंद्राच्या बंद दारापाशी उभी राहिली. एका आजोबांना तिथूनच इस्पितळात न्यावं लागलं.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. साहेब फाल्गुनीच्या खुर्चीमागे गेले. टकटक.

"घडियाळ कोनी?"

"मेलबर्ननी, साहेब." तिने शोधून काढलं होतं.

"तुझ्या प्रोग्रामने आधी आपलं घड्याळ का नाही लावलं? चपला न बघता पाय घालतेस?"

मला राहवलं नाही. मी उठले. "सर, मेलबर्न लावलं कोणी? तुमचा मुलगा तिथे..."

ते माझ्याकडे वळले. मराठीत, शांतपणे म्हणाले, "मेलबर्नमध्ये आपलं कोणी नाही."

सगळ्या हॉलला माहीत होतं, आणि सगळा हॉल टेबलाकडे बघत बसला. मालकांना साहेब हवे होते. फाल्गुनीला त्याच दिवशी काढलं. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. मी फोन केला तर नवऱ्याने उचलला, "शुं काम छे?" म्हणाला आणि ठेवून दिला.

साहेबांनी ती ओळ पुन्हा कधी टाइप केली नाही. कशी करणार? चहा झाला की नुसते पडद्याकडे बघत बसायचे. घरून फोन करत असतील असं मी धरून चालले होते.

यंदा उन्हाळ्यात ते झोपेत गेले. तेवढं सुख त्यांना मिळालं.

दिवसकार्य उरकून मुलगा ऑफिसात आला, बापाचा कप आणि चष्मा न्यायला. नाक तेच, आवाज मात्र मऊ. त्याला माझ्या टेबलाशी आणून बसवलं.

"मी फार वर्षं त्यांचा फोन घेत नव्हतो," तो म्हणाला. "मग एकदा घेतला. छान बोललो हो आम्ही! त्यानंतर रोज वाट बघायचो, पण त्यांनी फोनच केला नाही." कप हातात फिरवत त्याने विचारलं, "इथे माझ्याबद्दल काही बोलायचे का?"

चहानंतरची ती ओळ माझ्या जिभेवर होती. ते "बाळा"ही होतं. फाल्गुनी माझ्या जागी असती तर तिने दोन्ही सांगितलं असतं. ती चांगली मुलगी होती.

"एकदा बोलले होते," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर."

त्याचा चेहरा उजळला. "काय म्हणाले?"

मी सांगितलं.

कप तिथेच ठेवून तो गेला. अजून माझ्या टेबलावर आहे. मी त्यात पेनं ठेवते.