नामदेवकाकांचा नंबर कोणी काढला?

"मॅडम, तुमच्या त्या एजंटानं नामदेवकाकाचा नंबर काढून टाकला. काऊन?"

सोनाळ्याहून सुधाकरभाऊंचा फोन. मी चिखलीतल्या आमच्या दोन टेबलांच्या ऑफिसात चहा पीत होते. "तसं होऊच शकत नाही," मी म्हणाले. सॉफ्टवेअरवाल्यांचं हे पहिलं वाक्य. दुसरं 'बघते'. तेही मला लगेच म्हणावं लागलं.

सुधाकरभाऊंची चार मळणी यंत्रं आहेत, चारही वेगवेगळ्या गावांत फिरतात. सोयाबीनच्या हंगामात शेतकरी नंबर लावतात आणि आजवर ते सगळे फोन त्यांच्या पत्नी, पुष्पाकाकू, घेत. हंगामात काकूंना धड जेवायची उसंत नसे, म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देणारा एआय एजंट करून दिला. एजंट म्हणजे मेसेज वाचून, समजून, पुढचं काम स्वतः उरकणारा प्रोग्राम. त्यासाठी त्याला टूल्स द्यावी लागतात. एक नंबर लावायचं, एक पुढे ढकलायचं, एक काढून टाकायचं. प्रत्येक टूलला डिस्क्रिप्शन असतं, म्हणजे ते कशासाठी आणि कधी वापरायचं हे सांगणाऱ्या चार ओळी. टूलच्या आत काय आहे ते एजंटाला दिसत नाही. तो या ओळी वाचतो आणि ठरवतो.

मी चार ओळी लिहिल्या नव्हत्या, एकेकच लिहिली होती. कोडवर तीन आठवडे घालवले आणि डिस्क्रिप्शनं जेवणाआधी दहा मिनिटांत उरकली.

सोनाळ्यातल्याच नामदेवकाकांचा मेसेज होता, 'पाऊस झाला, सुडी ओली आहे, उद्या मशीन नको.' सुडी म्हणजे कापलेल्या सोयाबीनचा शेतातला ढीग. एजंटानं 'नंबर काढणे' वापरलं. तिथं मी लिहिलं होतं, 'शेतकऱ्याला मशीन नको असल्यास वापरावे.' 'नंबर पुढे ढकलणे' याच्यापुढे लिहिलं होतं, 'नंबर अपडेट करते.' एजंटाच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पण सुधाकरभाऊंकडचा रिवाज असा, की माल ओला असला तरी नंबर जात नाही. मशीन गावातलं पुढचं शेत घेतं, सुडी वाळली की मागे येतं आणि सगळे नंबर झाल्याशिवाय गाव सोडत नाही. काकांचं नाव खोडल्यावर यादीत सोनाळ्याचं कोणी उरलंच नाही. मशीन दुसऱ्या गावाला निघून गेलं. इकडे काकांची सुडी वाळली आणि आभाळ पुन्हा भरून आलं. चार एकरांचं सोयाबीन होतं. अजून एक चांगला पाऊस झाला असता तर शेंगांतच कोंब फुटले असते.

"मशीन वापस बोलावलं," सुधाकरभाऊ म्हणाले, "पण तिथलं सुरू केलेलं वावर अर्धं टाकून येता येत नाही. उद्या दुपारपर्यंत मशीन येईन. तुमी याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोनाळ्यात. लॅपटॉप उघडायच्या आत काकूंनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला. एजंट त्यांनी बंद करायला लावला होता.

"त्याले ज्या ओळी लिहून देल्ल्या त्या काढा. त्या वाचायच्या आन् फोन घ्यायचे. मले काही विचारायचं नाही."

पहिला फोन साधा होता, नंबर लावला. मला उगाच बरं वाटलं. दुसऱ्यात एकजण म्हणाला, "भावाच्या नंबरात माहं सोयाबीनही काढून देता काय? वावर लागूनच हाय." माझ्या ओळींत भाऊ कुठेच नव्हता. मी म्हटलं, "हो, देऊ की." काकूंनी कपाळावर हात मारला. "भावानं सवता सांगतल्याबिगर नाही! ते दोघं तीन सालापासून बोलत नाहीत."

तिसरा म्हणाला, "वावरात चिखल हाय, मशीन फसन. उद्या नको." मी ओळ वाचली आणि नंबर काढला.

"काढला?" काकू.

"इथं तसंच लिहिलंय."

"मंग त्या एजंटाले काऊन बोलून राह्यलो आपण?"

चिखलवाल्याला मीच परत फोन करून माफी मागितली. मग काकू सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले. 'शेतकऱ्यानं दुसऱ्याकडून मळून घेतलं किंवा मळायचंच नाही असं स्पष्ट सांगितलं, तरच नंबर काढा. माल ओला, वावरात चिखल, मजूर नाहीत, घरी कार्य, असं कारण असेल तर काढू नका, पुढे ढकला. नीट कळलं नाही तर आधी शेतकऱ्यालाच विचारा. काढलेला नंबर परत मिळत नाही, शेतकऱ्याला पुन्हा यादीत शेवटी नंबर लावावा लागतो.'

"एवढं लांब?" मी विचारलं.

"नवीन माणसाले असंच सांगा लागते. आपल्या मनातलं त्याले कसं समजन?"

मशीन दुपारी तीनला आलं. पाऊस साडेपाचला आला. सुडीचा तळ तेवढा राहिला आणि भिजला, दोन पोती काळी पडली. काकांनी मला चहा पाजला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दोन पोत्यांची मला अजून लाज वाटते. टूल लिहिणाऱ्याला जे माहीत असतं ते वापरणाऱ्याला माहीत नसतं, त्याला ते लिहून द्यावं लागतं, एवढाच यातला धडा. मी तो कितीतरी ट्रेनिंगमध्ये इतरांना शिकवला होता, स्लाइड दाखवून.

पुढे तुरीच्या मळणीत अवकाळी पाऊस झाला. मी दुसऱ्या कामासाठी सोनाळ्यातच होते. काकांनी पुन्हा 'मशीन नको' असा मेसेज केला. एजंटानं कळवलं, 'तुमचा नंबर कायम आहे. तूर वाळली की सांगा.' तरीही पाच मिनिटांत काकूंना काकांचा फोन आला. काकूंनी तो स्पीकरवर ठेवला.

"पुष्पा, यावेळेस त्यानं बरोबर सांगतलं. एजंट बदलला काय?"

"नाही, एजंट तोच हाय. लिहून देणारी सुधरली."

"पक्की सुधरली, का अजून एक साल पाहू?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"पाहा अजून एक साल."