रंगनाथचं अर्धं पोस्टर

राहुरीच्या रंगनाथला पोस्टरांचा भारी नाद. सिनेमाच्या नव्हे हं. भीमजयंतीला गायन पार्ट्यांचे सामने होतात ना, त्यांच्या. पिवळा नाहीतर गुलाबी कागद, डावीकडे एका पार्टीचा फोटो, उजवीकडे दुसरीचा आणि मधोमध ठळक ‘विरुद्ध’. गड्यानं विद्यापीठाच्या रोपवाटिकेत जन्मभर नोकरी केली, पण लक्ष कलमांपेक्षा भिंतींवर जास्त. नियम मात्र कडक. कार्यक्रम होईपर्यंत पोस्टरला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं फडकं फिरवायचं, खळ भिजू द्यायची आणि अलगद सोडवायचं, तेही गायीच्या आधी. खळ पडली पिठाची, आणि गाय खाताना गायक कोण ते बघत नाही.

पत्र्याची पेटी भरून पोस्टरं जमली. त्यातलं एक मात्र अर्धंच होतं, आणि लाडकं तेच.

ते वांबोरीच्या सामन्याचं. रामहरी आणि पार्टी विरुद्ध रतनबाई आणि पार्टी. रंगनाथ रामहरीवर जीव टाकणारा. सकाळी फडकं घेऊन भिंतीपाशी गेला, तर एक पोरगी आधीच पोस्टर भिजवत उभी. ती रतनबाईची चाहती. तू सोड, मी सोडत नाही, असं करता करता पोस्टर टर्रकन फाटलं, तेही नेमकं ‘विरुद्ध’मध्ये. ‘विरु’ याच्या हातात, ‘द्ध’ तिच्या. पोरगी पसार झाली.

याला कुठली चैन पडायला! विचारत विचारत तिचं घर गाठलं आणि तिच्या वडिलांपुढं चाचरत म्हणाला, “आमचं अर्धं तुमच्याकडं हाय. ते मागायला आलोय.”

झालं! ‘मागायला’ म्हटल्यावर म्हाताऱ्याला दुसरं काही सुचेचना. चहा आला, शेजारपाजारचे जमले, गाव कोणतं, नोकरी पक्की का, चौकशा सुरू झाल्या. पोस्टरचं नाव काढायला रंगनाथची जीभ रेटेना. आणि खरं सांगायचं तर दाराआडून बघणारी ती पोरगी, भिमाबाई, त्याला आवडलीही होती. लग्न ठरलं आणि लागलंही.

लग्नानंतर त्यानं पहिली चौकशी केली ती पोस्टरची. भिमाबाई म्हणाली, गायीनं खाल्लं. रंगनाथनं त्या गायीला कधी माफ केलं नाही. सासुरवाडीला गेला की गोठ्याकडं पाठ करून बसायचा.

यंदा त्यांच्या मुलीनं, यशोधरानं, जयंतीला विहारात बापाच्या पोस्टरांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. रंगनाथला मूठभर मांस चढलं. पण वांबोरीचं पोस्टर लावायला तो काही केल्या तयार होईना. लोक म्हणतील, रामहरीच्या माणसानं रतनबाईला रागानं फाडून टाकलं. बरं, ते न लावता बाकीची लावायची, तर त्यात जीव नाही. प्रदर्शनच नको, म्हणून रुसून बसला. जेवणावरून उठला आणि म्हातारपणी एका कागदासाठी चक्क डोळ्यांत पाणी आणलं.

मग भिमाबाई उठली. आपल्या ट्रंकेतल्या लुगड्यांखालून एक घडी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. पिवळा कागद. पेटी वाजवणारी रतनबाई आणि कडेला ‘द्ध’.

रंगनाथनं घडी उलगडून ‘द्ध’वर बोट फिरवलं. मग असा भडकला म्हणता! बिचाऱ्या मुक्या जनावराला किती शिव्या घातल्या मी, का लपवलंस, म्हणून खडसावू लागला.

भिमाबाई शांतपणे म्हणाली, “त्या दिवशी दिलं असतं, तर तुमी तेवढंच घिऊन गेला असता.”

रंगनाथचा राग कुठल्या कुठे गेला. म्हणजे हा कशासाठी आलाय, ते हिला तेव्हाच ठाऊक होतं तर! पुढं द्यायचं तिच्या मनात होतं म्हणे, पण एकदा गायीचं नाव घेऊन बसल्यावर माघार कशी घ्यायची?

रंगनाथनं स्वतः खळ शिजवली. दोघांनी मिळून दोन्ही तुकडे जोडले. ‘विरुद्ध’ जरा तिरकंच बसलं.

प्रदर्शनात सगळ्यांत जास्त गर्दी त्याच पोस्टरपाशी. त्या सामन्यात कोण जिंकलं, असं कुणी विचारलं, की रंगनाथ बायकोकडं बोट दाखवायचा.